आधी सगळं काळं करा!

कॅमेऱ्याने एका कलेचं काम हिसकावून घेतलं. कला मात्र संपली नाही. मेझोटिंट नावाच्या छापचित्रांची ही गोष्ट, एआयच्या धाकात डिग्री घेणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी.

चित्र काढायचं म्हटलं की आपण काय करतो? पांढरा कागद घेतो आणि त्यावर पेन्सिलने रेघ मारतो. म्हणजे कागदाचा उजेड आधीपासून असतो, आपण त्यात काळं भरत जातो. पहिलीपासून हेच करत आलोय.

आता याच्या बरोब्बर उलट विचार करा. समोर आहे ते सगळं काळं. मिट्ट. त्यात रेघ मारायची सोय नाही, रंग भरायची सोय नाही. तुम्हाला करता येते ती एकच गोष्ट, काळोख थोडा थोडा खरवडून काढणं. जिथे जास्त खरवडाल तिथे लख्ख उजेड, जिथे हलक्या हाताने खरवडाल तिथे राखाडी आणि जिथे हातच लावणार नाही तिथे काळंच. या पद्धतीने केलेल्या छापचित्राला मेझोटिंट म्हणतात.

कल्पना करायला अवघड वाटत असेल तर जुलैत एखाद्या संध्याकाळी आमच्या भिवपुरीला या. दिवसा धबधब्यावर भिजायला आलेली गर्दी परतीच्या कर्जत लोकलमध्ये चढून गेलेली असते. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची मुख्य रांग आणि मधे भाताची खाचरं. अंधार पडला की सगळं एकसाथ काळं होतं. मग दोन मिनिटं नुसतं बघत उभं राहिलं की त्या काळ्यातून एकेक गोष्ट वर येते. आधी धबधब्याची पांढरी रेघ, मग खाचरातल्या पाण्याची चकाकी, मग डोंगराची कड. रेघा कुठेच नसतात, नुसत्या छटा असतात. मेझोटिंट दिसतं ते असं.

हे करतात कसं?

लागतो तांब्याचा एक गुळगुळीत पत्रा आणि एक अवजार, नाव रॉकर. रुंद पातं, त्याची धार अर्धगोल आणि त्या धारेवर बारीक बारीक दाते. हे पातं पत्र्यावर उभं धरायचं आणि पाळणा हलवावा तसं डावी-उजवीकडे झुलवत पुढे न्यायचं. प्रत्येक दाता तांब्यात एक बारीक खड्डा पाडतो आणि खड्ड्याच्या काठावर तांब्याचा कण वर उचलला जातो. एकदा उभं, एकदा आडवं, मग तिरकं, मग दुसऱ्या बाजूने तिरकं. पत्र्यावर चकाकणारा एकही ठिपका शिल्लक राहीपर्यंत हे चालतं. तळहाताएवढ्या पत्र्यालाही तासन्‌तास जातात. मोठा असेल तर दिवसच्या दिवस.

एवढं झाल्यावर हाताला लागतं ते काय? सँडपेपरसारखा खरखरीत पत्रा. चित्र अजून सुरूसुद्धा झालेलं नाही! या पत्र्याला शाई लावून छाप घेतला तर कागदावर उमटतो तो फक्त काळा चौकोन. पण हा काळा म्हणजे प्रिंटरमधून येतो तो काळा नव्हे. मखमलीसारखा, बोट लावलं तर आत बुडेल असं वाटावं इतका खोल.

खरं चित्र इथून पुढे. एका धारदार अवजाराने वर आलेले कण खरवडायचे आणि दुसऱ्या गुळगुळीत अवजाराने घासून तो भाग सपाट करायचा. पत्रा जितका गुळगुळीत, तितकी शाई कमी धरतो आणि कागदावर तितका उजेड जास्त. मग पत्रा शाईने माखायचा, वरची शाई कापडाने पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि दोन जड रुळांच्या मधून दाबून काढायचा. कागद उचलला की कळतं, हात कुठे चुकला. जास्त खरवडलं गेलं असेल तर तेवढ्या भागात पुन्हा रॉकर चालवायचा. अंडू म्हणजे काय ते इथे चांगलंच कळतं.

आणखी एक गंमत. प्रत्येक छापाबरोबर तांब्याचे ते नाजूक कण दबत जातात. म्हणजे पहिल्या काही डझन प्रतींमधला काळा सगळ्यात खोल, पुढे पुढे तो फिका पडत जातो. प्रत काढली की मूळ झिजतं. आपल्या कॉपी-पेस्टच्या सवयीला हे पचायला जरा जडच आहे.

कलेआधी कॉपीचं मशीन

आता वाटेल, इतकं कष्टाचं काम म्हणजे नक्कीच कुणातरी वेड्या कलावंताचा हट्ट. तसं नाही. मेझोटिंट जन्माला आलं सतराव्या शतकात. लुडविग फॉन झिगेन या जर्मन लष्करी माणसाने १६४२ मध्ये हेसे-कासेलच्या राजघराण्यातल्या अमेलिया एलिझाबेथ यांचं व्यक्तिचित्र या वाटेने केलं. पुढे प्रिन्स रूपर्ट यांच्यामार्फत ते इंग्लंडला पोहोचलं आणि तिथे असं रुजलं की फ्रेंच लोक त्याला ‘इंग्रजी पद्धत’ म्हणू लागले.

का रुजलं? कारण तैलचित्राची हुबेहूब नक्कल करायला त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं. रेघांनी कोरलेल्या छापात रेशमाची चमक किंवा गालावरची सावली नीट पकडता येत नाही. मेझोटिंटमध्ये येते. जोशुआ रेनॉल्ड्ससारखा बडा चित्रकार एखाद्या लॉर्डचं चित्र रंगवायचा, कोरक्या त्याचं मेझोटिंट करायचा आणि लंडनच्या दुकानात त्या प्रती विकल्या जायच्या. मूळ चित्र एकाच्या दिवाणखान्यात, छाप शेकडो घरांत. आजच्या भाषेत सांगायचं तर चित्र ‘व्हायरल’ करण्याचं ते तंत्र होतं. आणि पत्र्यावर रॉकर चालवण्याचं कंटाळवाणं काम? ते बऱ्याचदा हाताखालच्या शिकाऊ पोरांकडे. म्हणजे तेव्हाचे इंटर्न. हे वाचल्यावर मला त्यांच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

पेशव्यांचा दरबार लंडनच्या पत्र्यावर

या धंद्याचा एक धागा थेट आपल्या घाटातून जातो.

अठराव्या शतकाच्या शेवटी चार्ल्स मॅलेट हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील पुण्यात पेशव्यांच्या दरबारी होता. त्याच्या आधाराने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. सवाई माधवराव, महादजी शिंदे, नाना फडणवीस ही सगळी मंडळी त्याने रंगवली. नाना म्हटलं की जो उंच, किडकिडीत, पगडीतला माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो, तो वेल्सने प्रत्यक्ष पाहून रंगवलेला. मुंबई-पुण्याची तेव्हाची वाट पनवेल, खालापूर, खोपोली करत बोरघाट चढायची. खोपोलीचा तलाव आणि त्याच्या काठचं महादेवाचं देऊळ नानांनीच बांधलेलं. पुढच्या वेळी खोपोली लोकलने गेलात तर जरूर बघा.

वेल्स १७९५ मध्ये साष्टीच्या बाजूला काम करता करता तापाने गेला. त्याची स्केचेस मात्र वाया गेली नाहीत. मॅलेटने पुढे वेल्सच्या मुलीशी, सुझॅनाशी, लग्न केलं. पुण्याच्या दरबारात १७९० मध्ये झालेल्या तहाचा भव्य प्रसंग थॉमस डॅनियल याने वेल्सच्या स्केचेसवरून रंगवला. हे तैलचित्र १८०५ मधलं, आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. त्यावरून छापचित्र कोरलं ते चार्ल्स टर्नरने. हा टर्नर मेझोटिंटमधला नावाजलेला कोरक्या. जे. एम. डब्ल्यू. टर्नर या प्रसिद्ध निसर्गचित्रकाराच्या ‘लिबर स्टुडिओरम’ या मालिकेतले सुरुवातीचे बरेचसे पत्रेही त्याच्याच हातचे.

म्हणजे बघा, प्रसंग पुण्यातला, स्केच एकाचं, रंग दुसऱ्याचे आणि पत्रा तिसऱ्याचा. डॅनियल त्या दरबारात नव्हता, कोरणारा टर्नर तर नव्हताच. तरी पेशव्यांचा दरबार दिसायचा कसा, हे ज्या चित्रांवरून जगाला कळलं त्यात हे चित्र आहे.

याच गोतावळ्यात एक मराठी नाव आहे, गंगाराम तांबट. मॅलेट आणि वेल्स यांच्यासाठी काम करणारा पुण्याचा चित्रकार. वेरूळची लेणी, पर्वती, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा अशी त्याची रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जपलेली आहेत. आडनाव बघा, तांबट! ज्याच्या आडनावातच तांबं आहे, त्या माणसाची चित्रं मेझोटिंटच्या तांब्यापर्यंत पोहोचली असती तर आपल्या पुस्तकांतला पेशवाईचा काळ कदाचित वेगळ्या नजरेने दिसला असता. कुणाच्या हातात कॉपी करण्याचं तंत्र आहे, यावर कुणाची नजर इतिहासात उरते हे ठरतं. मीडिया शिकणाऱ्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवायला हरकत नाही.

आणि मग आला कॅमेरा

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये फोटोग्राफीची जाहीर घोषणा झाली. लगेच काही बिघडलं नाही. पण शतक संपेपर्यंत फोटोवरून थेट छपाईचा ठसा तयार करण्याच्या पद्धती आल्या आणि चित्राची हुबेहूब नक्कल करायला कोरक्याची गरजच उरली नाही. जे काम करायला एका कसबी माणसाला महिने लागायचे, ते रसायनं आणि काच मिळून पटकन करू लागले. स्वस्तात आणि प्रती झिजण्याची भानगड नाही.

मेझोटिंट हा शब्द इटालियन आहे, अर्थ ‘अर्धी छटा’. आणि वर्तमानपत्रात फोटो छापण्याची बारीक ठिपक्यांची जी पद्धत आली तिचं नाव हाफटोन, म्हणजे पुन्हा अर्धी छटाच! तुमच्या हातातल्या या पानावरचा फोटो भिंगातून बघा, ते ठिपके दिसतील. ज्याने काम घेतलं, त्याने नावही घेतलं म्हणायचं.

अशी उलथापालथ आपल्या घाटमाथ्यावरही झाली. कर्जतहून गाडी घाट चढून लोणावळ्याला पोहोचली की पुढचं स्टेशन मळवली. कार्ले-भाजे लेण्यांसाठी आपण उतरतो तेच. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढे या मळवलीजवळ हलवला गेला. तंत्र मेझोटिंट नव्हे, शिळाछाप. दगडावर चित्र, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोहोचल्या त्या या वाटेने. धंद्यात मात्र रविवर्मांना कर्ज झालं आणि छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला.

याच छापखान्याशी जोडलेला एक तरुण होता. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला, फोटोग्राफी आणि ब्लॉक तयार करण्यात तरबेज. त्याने स्वतःचा छापखाना काढला, १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन रंगीत छपाई शिकून आला, भागीदारीत बिनसलं तेव्हा चालता धंदा सोडून बाहेर पडला. १९१३ मध्ये त्याने ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. हो, धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेबांना आपण सिनेमाचे जनक म्हणून ओळखतो. त्याआधीची छपाईतली त्यांची वर्षं आपल्याला फारशी आठवत नाहीत. रसायनं, काच, उजेड, छटा हे सगळं त्यांच्या हाताला आधीच माहीत होतं. माध्यम बदललं, हात तोच होता.

चेरी, फुलपाखरू आणि खूप सारा अंधार

मेझोटिंटचं काम गेलं. मग ते संपलं का? जवळजवळ. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते हाताळणारे अगदी थोडे उरले होते. अशा वेळी ते उचललं योझो हामागुची या जपानी माणसाने.

जन्म १९०९, वाकायामा प्रांतातला. घरचा पिढीजात धंदा सोया सॉसचा, यामासा ही आजही चालणारी कंपनी. पोरगं टोकियोच्या आर्ट स्कूलमध्ये शिल्पकला शिकायला गेलं, ते अर्धवट सोडून १९३० मध्ये पॅरिसला. तिथे अमेरिकन कवी ई. ई. कमिंग्ज यांच्याशी ओळख झाली आणि त्यांच्या प्रोत्साहनाने तो तांब्याच्या पत्र्याकडे वळला. दुसरं महायुद्ध आलं, परत जपान. १९५३ मध्ये पुन्हा पॅरिस.

आणि मग त्याने एक गोष्ट केली. मेझोटिंट प्रामुख्याने काळं-पांढरं. हामागुचीने पिवळा, तांबडा, निळा आणि काळा असे चार पत्रे करायला सुरुवात केली. चारही पत्रे रॉकरने घासायचे, चारही खरवडायचे आणि एकाच कागदावर एकावर एक इतके नेमके छापायचे की केसाचाही फरक पडू नये. डिझाइन शिकणाऱ्यांना सीएमवायके आठवलं असेल. तेच गणित, फक्त सॉफ्टवेअरच्या जागी मनगट.

इतका खटाटोप करून त्याने रंगवलं काय? युद्धं, राजे, दरबार? नाही. चेरी. लिंबू. कलिंगडाची फोड. अक्रोड. एखादं फुलपाखरू. गडद पार्श्वभूमीवर एक छोटीशी लाल चेरी, आणि ती आतून पेटल्यासारखी दिसते. नक्कल करायला जन्मलेलं तंत्र त्याने अशा चित्रांसाठी वापरलं, ज्यांचं मूळ चित्र दुसरीकडे कुठे नव्हतंच. पत्रा हेच मूळ. १९५७ मध्ये साओ पावलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याला छापचित्रांसाठीचं मोठं बक्षीस मिळालं. १९८४ च्या सारायेव्हो हिवाळी ऑलिंपिकच्या पोस्टरवरही त्याचं चित्र झळकलं. २००० मध्ये, ९१ व्या वर्षी तो गेला. टोकियोत त्याच्या नावाचं छोटं संग्रहालय आहे, घरच्या कंपनीच्या जुन्या गोदामात.

ज्याचे न संपणारे जिने पोस्टरवर आपण सगळ्यांनी पाहिलेत, त्या मॉरिट्स एशरनेही मेझोटिंट केलं. ‘डोळा’ या १९४६ च्या चित्रात बाहुलीच्या आत कवटी दिसते. ‘दवबिंदू’ १९४८ मधलं. पण त्याने मोजकीच केली आणि सोडून दिली. फार वेळ खातं म्हणून. एशरसारखा चिकट माणूस जिथे कंटाळला, तिथे हामागुची काही दशकं बसला.

मग आपण काय घ्यायचं?

आमच्या वर्गात हल्ली एकच विषय असतो. कॅप्शन एआय लिहितं, भाषांतर एआय करतं, पोस्टर एआय काढतं, मग आपण डिग्री घेऊन करायचं काय? अप्लाइड आर्टवाल्या मित्रमैत्रिणींची हालत याहून वाईट. अशा वेळी ‘कला कधी मरत नाही’ असं कुणी म्हणालं की छान वाटतं. पण ते पूर्ण खरं नाही. मेझोटिंट वाचलं, मेझोटिंटवर पोट असलेले सगळे काही वाचले नाहीत. हामागुचीचा चार पत्र्यांचा प्रयोग कोरक्यांचं काम गेल्यावर काही दशकांनी झाला. ज्या माणसाचं दुकान बंद पडलं त्याला त्याचा काय उपयोग? रोजगाराचा प्रश्न कलेच्या गोष्टी सांगून सुटत नाही. तो पगार, हक्क आणि नियम यांच्यावरच लढावा लागतो.

तरी या गोष्टीतून एक शिकण्यासारखं उरतंच. मेझोटिंटकडे दोन गोष्टी होत्या. एक, हुबेहूब कॉपी करणं. दोन, काळोखातून उजेड काढणं. पहिली कॅमेऱ्याने घेतली. दुसरी त्याला घेता आली नाही, कारण तिच्यासाठी पत्र्याजवळ बसून, कुठे थांबायचं हे दर मिनिटाला ठरवावं लागतं. हामागुचीने ही दुसरी गोष्ट ओळखली आणि फक्त तीच ठेवली. फाळक्यांनीही तेच केलं, छपाईतलं जे त्यांच्या हातात मुरलं होतं ते घेऊन ते दुसऱ्या माध्यमात गेले. आपण जे शिकतोय त्यातला नकलेचा भाग किती आणि आपण बसून ठरवण्याचा भाग किती, हे एकदा कागदावर मांडून बघायला हवं. पहिला भाग जाणार आहे. त्याच्या नावाने रडण्यापेक्षा दुसरा वाढवणं आपल्या हातात आहे.

मी स्वतः कोळशाने एक कागद काळा करून खोडरबरने लिंबू काढून बघितलं. तासभर गेला. लिंबू बरं जमलं, पण खरं कळलं ते वेगळंच. काळ्या कागदावर सुरुवातीला वाटतं, सगळीकडे खोडावं. मग लक्षात येतं, जेवढं कमी खोडू तेवढं लिंबू उजळ दिसतं. फोनमध्ये ब्राइटनेसची पट्टी सरकवताना हे कधी जाणवलं नव्हतं.

करून बघा!

घरच्या घरी: जाड कागद कोळशाने किंवा ६बी पेन्सिलने पूर्ण काळा करा. समोर एक फळ ठेवा, एकाच बाजूने दिवा. आता पेन्सिलला हात लावायचा नाही. खोडरबरचा कोपरा ब्लेडने टोकदार करून फक्त उजेड काढा.

छाप घ्यायचाय?: ज्यूसचं रिकामं टेट्रापॅक उघडून धुऊन घ्या. आतल्या चंदेरी बाजूवर जाड सुईने चित्र कोरा. छपाईची काळी शाई चोळून भरा, वरची पुसून टाका. ओलसर कागद ठेवून लाटण्याने जोर लावून फिरवा. हे मेझोटिंट नाही, पण शाई खाचेत बसून कागदावर कशी येते ते कळेल. आणि हो, लाटणं आईला विचारून.

शिकायचं असेल तर: मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये छापचित्रण शिकवलं जातं. सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं, म्हणजे आपल्या कर्जत लाइनवाल्यांना सोयीचंच. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि शांतिनिकेतन ही छापचित्रांसाठी नावाजलेली आणखी दोन ठिकाणं.

बघायचं असेल तर: टेट, येलचं ब्रिटिश कला केंद्र आणि ब्रिटिश म्युझियम यांचे संग्रह ऑनलाइन फुकट बघता येतात. गंगाराम तांबट, जेम्स वेल्स, योझो हामागुची ही नावं टाकून शोधा. आणि बघताना स्क्रीनचा ब्राइटनेस कमी ठेवा. काळ्याला थोडा वेळ द्या, दिसायला लागतं.